परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी आणि एजंटाचे पैसे: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत बी.ए., एम.ए. झालेले, बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत नाहीतर तासिका तत्त्वावर महाविद्यालयात राबणारे, सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची पुढची जाहिरात कधी निघते याकडे डोळे लावून बसलेले. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आणि हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत अशांच्या मोबाइलवर एक जाहिरात फिरत असते: ‘परदेशात इंग्रजी शिक्षक पाहिजेत, पगार लाखात, जागा मर्यादित.’ ती पाहून जे प्रश्न पडतात, त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत.

नोकरी लावून द्यायला एजंटाला पैसे द्यावेच लागतात का?

नाही. खऱ्या शाळेला खरा शिक्षक हवा असतो तेव्हा शोधून देणाऱ्या एजन्सीचे पैसे शाळा भरते. मोंढ्यातल्या अडतीचं उदाहरण घ्या. पूर्वी ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. शिक्षकभरतीत खरेदीदार म्हणजे शाळा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार हेच सांगतो: खासगी रोजगार संस्थेनं कामगाराकडून शुल्क घेऊ नये, थेटही नाही आणि आडमार्गानंही नाही. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही, पण आपली मुलं जिथे जातात त्यातल्या बऱ्याच देशांचे स्वतःचे कायदे आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा श्रम कायदा भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारायला मनाई करतो. सौदी आणि कतारच्या कायद्यांतही तशी तरतूद आहे. ब्रिटनमध्ये तर १९७३ च्या कायद्यानुसार नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून सहसा पैसे घेता येत नाहीत.

तरीही आपल्याकडे एजंटानं दोन लाख मागितले की कुणाला आश्चर्य वाटत नाही. कारण उघड आहे. इथे संस्थेत कायम व्हायला किती मोजावे लागतात याचे आकडे लग्नाच्या पंगतीतही बोलले जातात. ते आकडे ऐकत वाढलेल्या पोराला परदेशातली नोकरी दोन लाखांत म्हणजे स्वस्तच वाटते. एजंटाला हे पक्कं माहीत असतं आणि तो आकडा त्याच हिशेबानं सांगतो. निदान इथे पैसे घेणाऱ्याची संस्था तरी डोळ्यांसमोर उभी असते. तिथली शाळा आहे की नाही हेही आपल्याला माहीत नसतं.

मग भारतात एजंटाला कायद्यानं एक रुपयाही घेता येत नाही?

घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. उत्प्रवास अधिनियम १९८३ प्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी करावी लागते. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे सगळे मिळून ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यावीच लागते.

या आकड्याच्या वर जे काही मागितलं जातं त्याला ‘प्रोसेसिंग’, ‘फाइल चार्ज’, ‘एम्बसी खर्च’, ‘सर्व्हिस’ अशी नावं असतात. नाव कोणतंही असो, हिशेब एकच विचारा: हे पैसे कुणाच्या खात्यात जाणार आणि पावतीवर काय लिहिणार? पासपोर्टचं शुल्क पासपोर्ट कार्यालयाला, वैद्यकीय तपासणीचं तपासणी केंद्राला, तिकिटाचे पैसे विमान कंपनीला. ज्याचे त्याला आपण स्वतः भरायचे. सगळं एकत्र करून ‘पॅकेज’ घेतलं की कशाचे किती गेले ते कधीच कळत नाही.

एजंट नोंदणीकृत आहे का हे घरबसल्या कसं बघायचं?

परराष्ट्र मंत्रालयाचं ‘ई-मायग्रेट’ नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर नोंदणीकृत एजंटांची यादी मिळते. ज्यांची नोंदणी रद्द झाली, स्थगित झाली किंवा संपली, त्यांचीही स्थिती दिसते. एजंटाच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे; ते कुणाचंही असू शकतं आणि केव्हाचंही. नोंदणी क्रमांक टिपून घ्यायचा आणि यादीशी ताडून पाहायचा: कंपनीचं नाव, पत्ता, मुदत.

मराठवाड्यात नेहमी घडतं ते असं. लायसन्स मुंबईच्या किंवा हैदराबादच्या कंपनीचं असतं, आणि पैसे घेणारा माणूस परभणीच्या किंवा लातूरच्या स्टँडजवळ गाळा घेऊन बसलेला असतो. तो म्हणतो, “आम्ही त्यांचेच सब-एजंट.” नियमांत सब-एजंट नावाची गोष्टच बसत नाही. शाखा असेल तर तिलाही मंजुरी लागते आणि ती नोंदीत दिसते. मोठ्या एजंटाला सरकारकडे पन्नास लाखांची बँक हमी ठेवावी लागते. गाळ्यातल्या माणसानं काहीच ठेवलेलं नसतं. उद्या शटर ओढलं की संपलं.

आणखी एक पळवाट म्हणजे ‘आम्ही एजंट नाही, कन्सल्टन्सी आहोत’ किंवा ‘आमची अकादमी आहे’. नोकरी देतो म्हणून पैसे घेतले तर पाटीवर काय रंगवलंय याला अर्थ नाही.

एजंट आमच्या पाहुण्यातलाच आहे. त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?

संशय घेऊ नका, कागद मागा. पाहुण्याला राग येईल ही भीती खरी असते, म्हणून वाक्य असं ठेवा: “दाजी, बँकेत दाखवायला पावती लागती, आन् कंपनीचा नोंदणी नंबर बी द्या.” खरा माणूस असेल तर देईल. रागावला तर त्याच्याकडे कागद नाही एवढं कळलंच.

पाहुण्यातला एजंट बहुतेक वेळा स्वतःही फसलेला असतो. वरच्यानं त्याला माणसामागं वीस-पंचवीस हजार कबूल केलेले असतात, आणि नोकरी खरी आहे असं त्यालाही वाटत असतं. त्यानं आधी ‘लावून दिलेली’ पोरं कोण, हे विचारा आणि त्यांच्याशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. बोलताना पगार विचारू नका, तो कुणी खरा सांगत नाही. विचारा की कोणत्या वर्गाला शिकवतोस, आठवड्याला किती तास आहेत, व्हिसावर पद काय लिहिलंय. शाळेत शिकवायला म्हणून गेलेला पोरगा गोदामात निघाला, तर तो या तीन प्रश्नांतच अडखळतो.

इंग्रजी शिकवायचा कोर्स आणि शंभर टक्के प्लेसमेंट असं पॅकेज मिळतंय. घ्यावं का?

कोर्स घ्यायचा तर कोर्स म्हणून घ्या. नोकरी म्हणून नको.

टीईएफएल किंवा टीईएसओएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवण्याचे कोर्स. ही नावं कुणाच्याही मालकीची नाहीत. मी उद्या घरी बसून ‘टीईएफएल अकादमी’ काढली आणि १२० तासांचं प्रमाणपत्र छापलं तर मला कुणी अडवणार नाही. म्हणूनच हा कोर्स दोन हजारांतही मिळतो आणि ऐंशी हजारांतही. अभ्यासाचं साहित्य कित्येकदा सारखंच असतं. महागड्या कोर्सात फरक ‘प्लेसमेंट’ या शब्दाचा. वजन आहे ते केंब्रिजच्या सेल्टाला आणि ट्रिनिटीच्या सर्टटीईएसओएलला, कारण त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं आणि निरीक्षक बसलेला असतो. सेल्टात असं सहा तास शिकवणं तपासलं जातं. ते महाग आहेत, पण पैसे कशाचे घेतात ते कळतं.

पॅकेजच्या करारात ‘प्लेसमेंट’ म्हणजे काय लिहिलंय ते भिंग लावून वाचा. बहुतेक ठिकाणी ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ असतं. त्याचा अर्थ तुमचा बायोडेटा चार ठिकाणी ई-मेल करणार आणि तीन जाहिरातींची लिंक पाठवणार. त्यात त्यांनी करार मोडला असं तुम्हाला कुठेच सिद्ध करता येत नाही. आणखी एक ओळ हमखास असते: ‘उमेदवारानं दिलेली संधी नाकारल्यास शुल्क परत मिळणार नाही.’ मग कंबोडियातल्या एखाद्या शिकवणीवर्गाचा, व्हिसाविना, निम्म्या पगाराचा प्रस्ताव येतो. तुम्ही नाही म्हणता आणि हिशेब मिटतो.

बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्याला आखातातल्या भारतीय शाळेसाठी हा कोर्स मुळातच लागत नाही. ही गोष्ट पॅकेज विकणारा सांगणार नाही.

भारतीय शिक्षकाला इंग्रजीसाठी खरंच कुठे मागणी आहे?

हा खरा प्रश्न. याचं उत्तर माहीत असलेला माणूस सहसा फसत नाही, कारण एजंटाचा अर्धा धंदा ‘सगळीकडे मागणी आहे’ या वाक्यावर चालतो.

सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. दुबई, शारजा, मस्कत, दोहा, कुवेत, रियाध इथे सीबीएसईशी संलग्न शाळा आहेत आणि त्यांची यादी सीबीएसईच्या संकेतस्थळावर आहे. त्यांना विषयाची पदवी आणि बी.एड. लागतं. अनुभव असला तर चांगलंच. पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा बराच कमी असतो आणि घरभाडं मिळतं की नाही यावर सगळं गणित फिरतं. एजंटानं सांगितलेल्या आकड्यातून खोलीचं भाडं वजा करून पाहा.

मालदीवमध्ये भारतीय शिक्षक बरीच वर्षं जात आलेत. तिथल्या शाळांत इंग्रजी माध्यम आहे. पण बेट लहान असतं, आणि माले सोडून दूरच्या बेटावर नेमणूक झाली तर एकटेपणाची तयारी हवी.

थायलंडमध्ये भारतीयांना काम मिळतं, पण अटी पाहा. शाळेत शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, कामाचा परवाना आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्याकडे टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, भाषेच्या पातळीचा पुरावा, पोलिस पडताळणी आणि कामाचा परवाना. दोन्हीकडे गोऱ्या कातडीला जास्त पगार देणाऱ्या शाळा आहेत. हे बोलायला नको वाटतं, पण जाणाऱ्याला माहीत असावं.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला लागणारा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात पदवी आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून दार थोडं उघडलं गेलं. दार कागदावर उघडं आहे. सोलमधल्या खासगी शिकवणीवर्गात लावतो म्हणणारा एजंट मात्र त्या दाराबद्दल बोलत नसतो.

जपानमध्ये बारा वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलानं, त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, या अटीची चौकशी पैसे देण्याआधी करावी. चीनमध्ये इंग्रजी शिकवायला सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व बघतात. भारतीय पासपोर्टवर ‘चीनमध्ये इंग्रजी शिक्षक’ म्हणून पाठवणारा बहुधा व्यवसाय व्हिसावर पाठवतो, आणि त्या व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे.

इंग्लंडबद्दल अलीकडे फार विचारतात. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता मिळवता येऊ लागली. पण भारतीयांसाठी ती सोय गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांना आहे, आणि भाषा म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश वगैरे. एम.ए. इंग्रजी झालेल्याला ‘लंडनला शिक्षक म्हणून लावतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला ही अट विचारा. अर्जही त्यांच्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतःच करता येतो.

बी.एड. नाही, नुसतं बी.ए. आहे. काही जमेल का?

आखातातल्या चांगल्या शाळेत अवघड. आग्नेय आशियातल्या शिकवणीवर्गांत कधीकधी जमतं. पण बी.एड. नसताना परदेशावर दीड-दोन लाख घालण्यापेक्षा तेच पैसे बी.एड.ला लावलेले बरे. पुढे इथेही उपयोगी पडतं.

आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो, असं सांगतात.

जाऊ नका. याला दुसरं उत्तर नाही.

थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि एजंटांना रान मोकळं झालं. पर्यटक म्हणून गेलेला माणूस तिथे काम करताना सापडला तर दंड, कोठडी, परत पाठवणी. शाळेनं पगार बुडवला तर तक्रार कुठे करणार? कागदोपत्री तो शिक्षक नसतोच.

यापेक्षाही वाईट घडलंय. थायलंडला नोकरी म्हणून नेलेल्या मुलांना सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डीच्या भागात नेलं गेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबून काम करायला लावलं. जाहिराती कॉल सेंटर, डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंगच्या. अट एकच, इंग्रजी चांगलं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सोतहून परत आणलं. परराष्ट्र मंत्रालय कंबोडिया, लाओस आणि म्यानमारच्या नोकऱ्यांबद्दल २०२२ पासून सूचना काढतंय. इंग्रजी येणारा, कमी पगारातला, घरून दूर जायला तयार असलेला पदवीधर त्या टोळ्यांना नेमका हवा असतो.

एजंट पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतोय, आणि एक कोरा चेकही मागतोय.

पासपोर्ट तुमचा असला तरी मालकी भारत सरकारची आहे, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातच तसं लिहिलंय. व्हिसाच्या शिक्क्यासाठी तो चार दिवस द्यावा लागतो, तेव्हा हाती पोच घ्या. ‘आमच्याकडेच राहू द्या’ याला नकार. मूळ पदवी तर अजिबात देऊ नका. प्रमाणीकरणाला द्यावी लागली तर पोच घेऊन, तेवढ्याच दिवसांसाठी.

कोरा चेक देऊ नका. शंभराच्या स्टॅम्पवर ‘नोकरी सोडल्यास दोन लाख देईन’ असा बाँड लिहून घेतात, त्याची भीती जितकी घातली जाते तितकी खरी नाही. भारतीय संविदा कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम आपोआप मिळत नाही. कोर्ट फार तर वाजवी भरपाई देतं. पण कोऱ्या चेकवर आकडा तो लिहिणार, आणि चेक वटला नाही तर तुम्ही आरोपी. बाँडपेक्षा चेक जास्त धोक्याचा.

कागदपत्रांचा खरा खर्च किती?

एजंट सांगतात त्याहून फार कमी. ३६ पानी पासपोर्टचं साधं सरकारी शुल्क १,५०० रुपये, पोलिस पडताळणी प्रमाणपत्राचं ५००. पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टीलचं, म्हणजे कागद खरा असल्याच्या शिक्क्याचं, सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये, वर अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राचं सेवाशुल्क. त्याआधी राज्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. जपान, कोरिया आणि सौदी अरेबियाला अपोस्टील चालतं. अमिराती, कुवेत, कतारला दूतावासाचा शिक्का लागतो आणि तो महाग असतो, पण त्याचाही दर ठरलेला आहे. या सगळ्याला मिळून कुणी साठ-सत्तर हजार मागत असेल तर एकेका शिक्क्याची पावती मागा.

इथे आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच असते. पदवी प्रमाणपत्र काढलेलंच नसतं. गुणपत्रिकेवर सगळी कामं झालेली असतात, आणि ऐन वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात धावाधाव होते. परदेशाचा विचार आला त्याच दिवशी पदवी प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर मुलींची दोन नावं. हे राजपत्रानं किंवा प्रतिज्ञापत्रानं आधीच जुळवून ठेवा. आणि पदवीवर औरंगाबाद, पत्त्यात छत्रपती संभाजीनगर, किंवा एकीकडे उस्मानाबाद आणि दुसरीकडे धाराशिव असेल, तर परदेशातला कारकून गोंधळतो. त्याला ई-मेलमध्ये एका ओळीत सांगून टाकलेलं बरं.

ऑफर लेटर आलंय. खरं आहे का हे कसं कळेल?

मुलाखत झाली का? सगळ्यात आधी हे. शाळा शिक्षक घेताना व्हिडिओवर बोलते, पाठ घ्यायला लावते, मुख्याध्यापक किंवा विभागप्रमुख प्रश्न विचारतो. दहा मिनिटांत ‘सिलेक्टेड’ आणि संध्याकाळी ‘सीट पक्की करायला’ इसार मागणारा फोन आला, तर पत्र कितीही रंगीत असो, विश्वास ठेवू नका.

मग शाळेचं संकेतस्थळ स्वतः शोधा. एजंटानं पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. त्यावरच्या फोन नंबरवर शाळेच्या कार्यालयाला विचारा. पत्र कोणत्या ई-मेल पत्त्यावरून आलंय ते बघा. दुबईतल्या शाळांची अधिकृत यादी तिथल्या शिक्षण प्राधिकरणाकडे आहे. अमिरातीतली नोकरीची ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयात नोंदवली जाते आणि तिची खातरजमा करता येते. पत्रात पद, तास, सुट्ट्या, घर, विमानभाडं, विमा आणि करार संपण्याच्या अटी नसतील तर मागून घ्या. तिथे उतरल्यावर दुसऱ्याच कागदावर सही करायला लावणं ही जुनी युक्ती आहे. व्हिसावर ‘शिक्षक’ ऐवजी ‘क्लार्क’ किंवा ‘क्लीनर’ लिहिलेलं असेल तर विमानात बसण्याआधीच बोला.

आत्ता काहीच देऊ नका, पगारातून कापून घेऊ, असं म्हणतात. हे बरं ना?

पगारातून किती, किती महिने आणि कोण कापणार, हे लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी ही कपात एजंटाच्या खिशात जाते. शाळेनं एजंटाला आधीच दिलेलं असतं, ते वेगळंच.

मुलगी एकटी जायची म्हणते. घरच्यांनी काय बघावं?

राहण्याची जागा शाळेची आहे का, सोबत कोण आहे, शाळा तिचा पासपोर्ट ठेवते का, सुट्टीत एकटीनं परत येता येतं का. हे प्रश्न मुलालाही विचारावेत. भारतीय दूतावासाचा नंबर तिच्याकडे आणि घरी दोन्हीकडे असू द्या. तिथे आधीपासून शिकवणाऱ्या बाईंशी आईचं बोलणं करून दिलं की घरातल्या निम्म्या शंका मिटतात. शाळा खरी असेल तर असा नंबर शाळाच देते.

पैसे उभे करायला शेत गहाण टाकावं की सोनं?

दोन्ही नको. कायद्याची मर्यादा ३५,४०० आहे. कागदपत्रं आणि तिकीट धरूनही शेत गहाण टाकण्याइतका खर्च शिक्षकाच्या नोकरीला येत नाही. तेवढा मागितला जात असेल तर नोकरीच्या खरेपणाबद्दल पुन्हा विचारा. आधीच गुंतला असाल, तर सोयाबीनची पट्टी मिळाली म्हणून पुढचा हप्ता देऊ नका.

पैसे गेले. आता काय?

ऑनलाइन दिले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम थांबवता येते. मग पोलिस ठाण्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोलिस अधीक्षकांकडे जा.

उत्प्रवास कायद्याखालीही गुन्हा होतो: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा १९८३ चा आहे आणि तो तसाच राहिलाय. या कायद्याखाली खटल्याला एरवी केंद्राची मंजुरी लागते, पण फसलेल्या उमेदवारानं, किंवा त्याच्या वतीनं आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भाऊ-बहीण यांपैकी कुणी तक्रार केली तर मंजुरीची गरज नाही. मुलगा परदेशात अडकलेला असेल तर वडिलांना इथे बसून तक्रार करता येते, ती अशी. ई-मायग्रेटवर तक्रार नोंदवता येते आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा १८०० ११ ३०९० हा क्रमांक आहे. परदेशात अडकलेल्यासाठी ‘मदद’ नावाचं संकेतस्थळ वेगळं.

पैसे परत मिळवायला जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता लोक विसरतात. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. एजंट अंधेरीत असला तरी तुम्ही बीडमध्ये लढू शकता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. कोर्स आणि पॅकेजच्या भांडणांना हा मार्ग पोलिसांपेक्षा बरा. पावती नसली तरी फोनपे-गुगलपेची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, कॉलची यादी जपून ठेवा. रागानं नंबर ब्लॉक करून चॅट उडवू नका.

तक्रार केल्यावर एजंट म्हणतो, निम्मे घ्या आणि मिटवून टाका. मिटवावं का?

निम्म्यावर लगेच नको. तक्रार झाल्यावर तो घरी येतोय म्हणजे त्याच्यावर दाब आहे, आणि त्याच गाळ्यात फसलेले आणखी पाच-सहा जण बहुधा आसपासच्या गावांत आहेत. त्यांना शोधून एकत्र बसा. एकेकट्याला निम्मे देऊन गप्प करणं त्याला स्वस्त पडतं.

घ्यायचेच झाले तर पूर्ण रक्कम बँकेतून घ्या. पोस्टडेटेड चेकवर विश्वास ठेवू नका. ‘हातउसने घेतले होते’ किंवा ‘माझी काही तक्रार नव्हती’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, नोकरीसाठी घेतलेले पैसे परत मिळाले एवढंच लिहा. गुन्हा दाखल झाला असेल तर तो ठाण्यात बसून मिटत नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. हवालदार काहीही म्हणो. आणि पैसे खात्यात जमा झालेले दिसेपर्यंत सही नाही.